तिरक्या रेघेचा वैरी

कोल्हापुरात राजारामपुरीच्या सातव्या गल्लीत माझं झेरॉक्सचं दुकान होतं आणि त्याच्या बरोबर डोक्यावर मगदूम सरांचं टायपिंग इन्स्टिट्यूट. सकाळी सातला अकरा मशीनं एकदम सुरू व्हायची. त्या खडखडाटानं माझ्या दुकानाचं छत हलायचं, छतानं भिंत, भिंतीनं टेबल आणि टेबलानं माझी काच. कागद जरा सरकला की गिऱ्हाईक कुरकुरायचं, "अक्षर दोन-दोन दिसायलंय की हो." मी वर बोट दाखवायचो. "पावणं, ते आमचं न्हाय. ते सरांचं."

बसगोंडा मगदूम हा माणूस उंचीनं बेताचा, आवाजानं बेफाम. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, कपाळावर विभूतीचे तीन आडवे पट्टे, हातात स्टीलची फूटपट्टी. पट्टी मारायला नव्हे, ठेका धरायला. टेबलावर टक-टक-टक वाजायची आणि त्या तालावर पोरंपोरी बोटं हलवायची. शांत असले की सर अगदी छापील मराठी बोलत. 'आहे', 'नाही', 'कृपया'. डोकं फिरलं की 'हाय' आणि 'न्हाय' सुरू. आणि पुरतं फिरलं की सीमेपलीकडची कन्नड. त्यामुळे मला खाली बसूनच वरचं तापमान कळायचं.

सर पुरते फिरायचे ते एकाच गोष्टीनं. इंग्रजीतल्या 'अँड/ऑर'नं.

अँड नव्हे, ऑर नव्हे. दोन्हींच्या मधे तिरकी रेघ मारून केलेली ती जोडी. सरांच्या मते जगातला निम्मा लबाडपणा त्या रेघेच्या आडोशाला बसलेला होता. आणि त्यांनी नुसत्या शिव्या दिल्या नव्हत्या, कृती केली होती. टायपिंगच्या मशीनवर तिरकी रेघ आणि प्रश्नचिन्ह एकाच कळीवर असतात, खाली रेघ, वर प्रश्नचिन्ह. सरांनी मिस्त्री बोलावून अकराच्या अकरा मशीनांच्या खिळ्यांवरची रेघ तेवढी कानशीनं घासून काढली. प्रश्नचिन्ह ठेवलं. "प्रश्न विचारायला माझी हरकत नाही," ते म्हणत, "घोळ घालायला आहे."

नवीन आलेलं पोरगं ती कळ दाबायचं. खिळा उडायचा, ठक्क वाजायचं, कागद कोरा.

"सर, मशीन बिघडलंय."

"बिघडलेलं नाही. सुधारलेलं आहे."

मग व्याख्यान. ते मला छतातून इतक्यांदा ऐकू आलं आहे की आजही झोपेतून उठवलंत तर म्हणून दाखवीन. "आणि म्हणायचं असेल तर आणि म्हण. किंवा म्हणायचं असेल तर किंवा म्हण. दोन्हींपैकी एक किंवा दोन्ही, असं म्हणायचं असेल तर तसं लिही. चार शब्द जास्त टाइप केलेस तर बोटं झडत्यात काय? हा काय तळ्यात-मळ्यातचा खेळ हाय? उद्या एस्टीच्या पाटीवर 'गारगोटी आणि/किंवा कागल' लिहिलं तर चढशील काय तू?"

पोरगं बिचारं गारगोटीचंच असायचं. ते म्हणायचं, "चढीन की सर. कंडक्टरला इचारीन."

"विचारावं लागलं ना? मग पाटी कशाला लावली?"

  माझ्या दुकानावर 'झेरॉक्स/लॅमिनेशन/स्पायरल' अशी पाटी होती. एके सकाळी सर पाटीखाली उभे राहिले आणि म्हणाले, "तिन्ही एकदम करतोस की एक केलं तर दुसरं करत नाहीस?" दुपारपर्यंत मी रेघा पुसून स्वल्पविराम केले. मला माझ्या छताशी भांडण परवडणारं नव्हतं.

टायपिंगची सरकारी परीक्षा असली की इन्स्टिट्यूटची मशीनं टेम्पोत घालून केंद्रावर न्यावी लागत. ज्या मशीनवर शिकलास त्याच मशीनवर परीक्षा. सर टेम्पोत मशीनांच्या मधे उभे राहून जात, वरातीतल्या नवरदेवासारखे. एका वर्षी पत्राच्या मजकुरात 'सी/ओ' आलं. सरांच्या पोरांनी शिकवल्याबरहुकूम 'केअर ऑफ' असं पूर्ण टाइप केलं. परीक्षकानं चूक धरली आणि सगळ्यांचे मार्क कापले. निकालानंतर गारगोटीचे एक पालक जिना चढून वर आले. मीही मागोमाग गेलो, म्हटलं भांडण सोडवायला कुणीतरी पाहिजे. खरं म्हणजे मला बघायचं होतं.

"सर, पोराचं मार्क गेलं तुमच्या त्या घासलेल्या मशीनापायी."

"पास झाला ना?"

"झाला. पर मार्क गेलं न्हवं."

"मार्क गेले. पण पोरगा जन्मभर स्वच्छ लिहील."

"आमाला नोकरी पायजे सर," पालक हात जोडून म्हणाले, "जन्माचं मागनं बघू."

सर हसले नाहीत. मी हसलो, तर फूटपट्टी माझ्याकडे वळली. मी खाली आलो.

वकील मंडळींशी तर उभा दावा. वकिलाचा कच्चा मसुदा टायपिंगला आला आणि त्यात ती जोडी दिसली की सर कागद परत पाठवत. वर चिठ्ठी: 'आपणास नक्की काय म्हणायचे आहे ते ठरले की पाठवावे.' एक वकील चिठ्ठी हातात घेऊन जिन्यातच ओरडले, "मगदूम, तुम्ही टायपिस्ट हाय का न्यायाधीश?"

वरून उत्तर आलं, "न्यायाधीशाला कळावं म्हणून टायपिस्ट हाय!"

वकिलांची कामं बंद झाली. निदान सरांना तसं वाटत होतं. वकिलांचे कारकून मात्र दुपारी दोन ते चार, सर वामकुक्षीला गेले की, मागच्या बोळातून, इन्स्टिट्यूटला लागूनच असलेल्या सरांच्या घरात शिरताना मला दिसायचे. सरांच्या बायकोला सगळी गल्ली अक्का म्हणायची. अक्कांचं ताक प्रसिद्ध होतं. मला वाटायचं, कारकून ताक प्यायला जातात. मीही एवढा बावळट असू शकतो.

आता शाहीनची गोष्ट. नव्वदचं दशक सरत आलं होतं. शाहीन मुल्लाणी कबनूरहून रोज एस्टीनं यायची. वडील यंत्रमागावर कामाला. तीस वर्षं मागाच्या खडखडाटात उभं राहून त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून घरातली सगळी मोठ्यानं बोलणारी. शाहीन पहिल्या दिवशी सरांशी इतक्या मोठ्यानं बोलली की सर दोन पावलं मागे सरले. कोल्हापुरात सरांना मागे सरकवणारी ती पहिलीच. मराठी टायपिंगच्या दोन्ही परीक्षा ती पास झाली. इंग्रजीची दिली होती, निकाल यायचा होता. आणि घरात ठरलं होतं, दिवाळीपर्यंत नोकरी लागली तर ठीक, नाहीतर आलेलं स्थळ पक्कं. मुलगा शेजारच्याच गल्लीतला, मागवाला. "मागाच्या आवाजातनं सुटून परत मागाच्याच आवाजात," ती मला झेरॉक्स काढता काढता म्हणाली होती. "तुमच्या छताचा आवाज बरा, दादा. ह्यातनं कागद तरी निघतो."

त्याच सुमाराला एका शिक्षणसंस्थेची जाहिरात आली. लिपिकाची एक जागा. जाहिरात इंग्रजीत, कारण इंग्रजीत दिली की संस्था मोठी वाटते. पात्रतेत लिहिलं होतं: टायपिंग, इंग्लिश अँड/ऑर मराठी. शाहीननं अर्ज केला. आठ दिवसांनी मुलाखतीची यादी फळ्यावर लागली आणि तिचं नाव नव्हतं. विचारलं तर सांगितलं, दोन्ही पाहिजेत, तुमच्याकडे एकच आहे.

इथवर ठीक. पण यादीत पहिलं नाव होतं एका संचालकांच्या भाच्याचं. आणि भाच्याकडे फक्त इंग्रजी होतं. मराठीची कळसुद्धा त्यानं कधी दाबलेली नव्हती. हे मला पक्कं ठाऊक, त्याची सर्टिफिकेटं मीच झेरॉक्स केली होती.

शाहीन जिना चढून गेली. रडत नव्हती. ओढणीचं टोक दातात धरलं होतं. मी दुकान तसंच टाकून मागे गेलो. तिनं सांगितलं. मी भाच्याचं सांगितलं. टक-टक थांबली. अकरा मशीनं थांबली. सर पहिल्यांदा 'आहे'मधून 'हाय'मध्ये आले, मग कन्नडमध्ये गेले, आणि मग, हे मी पहिल्यांदाच पाहिलं, त्यांनी फूटपट्टी खाली ठेवली.

"बघितलंस?" ते म्हणाले. "मी बोंबलत होतो तर सगळे हसत होते. ही रेघ म्हंजे मागचं दार हाय. आपल्या माणसाला 'किंवा' म्हणून आत घ्यायचं, आणि दुसऱ्याच्या लेकीला 'आणि' म्हणून बाहेर काढायचं. कागदावर काय खोटं लिहिलं न्हाय. लबाडी करायची ती पण सहीशिक्क्यानिशी!"

सरांनी तिथंच मशीनला कागद लावला. अध्यक्षांना अर्ज. अन्याय झालेला आहे, प्रत्यक्ष भेटीची वेळ द्यावी. बोटं पावसासारखी पडत होती. आणि मधेच थांबली. जाहिरातीतली ओळ जशीच्या तशी द्यायची होती. जशीच्या तशी म्हणजे रेघेसकट. आणि अकरा मशीनांत रेघ नव्हती.

सरांनी वाट काढली. टाइप केलं: 'अँड असे लिहून, त्यापुढे एक तिरकी रेघ देऊन, ऑर असे लिहिले आहे.' शाहीननं वाचलं आणि म्हणाली, "सर, हे वाचून त्यांस्नी वाटंल, तक्रार करणाऱ्याच्याच डोक्यात रेघ हाय."

मी म्हटलं, "त्यात काय, पेनानं एक तिरकी ओढू की."

"टाइप केलेल्या अर्जाला पेन?" सर माझ्यावर उखडले. "उद्या दात पडला तर खडूनं काढशील काय?"

दुसऱ्या इन्स्टिट्यूटमध्ये जायचा विषय मी काढला नाही. माझी मुलंबाळं लहान होती.

तेवढ्यात दारात अक्का. हातात ताकाचा तांब्या, चेहऱ्यावर पकडलेल्या चोराचा भाव. "री," त्या म्हणाल्या. कन्नडमधलं 'री' म्हणजे आपलं 'अहो'. "री, माझ्या मशीनला हाय की रेघ."

घरात, देवघराच्या शेजारी, नऊवारीच्या जुन्या पदरानं झाकलेलं एक छोटं मशीन होतं. सरांनी लग्नानंतर अक्कांना शिकायला आणलेलं. त्याची रेघ कुणी घासली नव्हती, कारण त्या मशीनवर कुणी काही टाइप करतं हेच सरांना माहीत नव्हतं. सर वामकुक्षीत असताना अक्का वकिलांचे मसुदे टाइप करत होत्या. नऊ वर्षं. अकरा मशीनांच्या खडखडाटात बारावं कुणाला ऐकू येणार. कारकून ताक पीत नव्हते.

"नऊ वर्षं," सर म्हणाले. "माझ्या घरात. देवाच्या शेजारी."

"मग? तुम्ही चिठ्ठ्या लिहून परत धाडायला लागलासा, माणसं कुठं जाणार? मी काय करते, जसं हाय तसं उठवते. भांडत न्हाय." मग त्यांनी शाहीनकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्यांच्यावर रागावू नको, बाई. ह्यांना सरकारी नोकरी होती. बदलीचा हुकूम निघाला, गारगोटी अँड/ऑर कागल इथं हजर व्हा. गारगोटीला गेले, साहेब म्हणाला कागलला जा. कागलला गेले तर म्हणाले, तुमची जागा गारगोटीला. दोन महिने एस्टीतनं नुसते हिंडले. शेवटी दोन्हीकडं गैरहजर लागले. नोकरी गेली. तवापास्नं कानस हाय हातात."

मला एकदम एस्टीची पाटी आठवली. गारगोटी आणि/किंवा कागल. इतकी वर्षं आम्ही तो विनोद समजत होतो.

 सर अक्कांच्या मशीनपुढे जाऊन बसले. नऊवारीचा पदर बाजूला केला. सबंध अर्ज टाइप केला, आणि त्या जागी आल्यावर उजव्या करंगळीनं ती कळ दाबली. ठक्क. कागदावर तिरकी, काळी, ठसठशीत रेघ उमटली. सरांनी करंगळी धोतराला पुसली.

भेट मिळाली. सर, शाहीन, आणि अर्जाच्या सात प्रती घेऊन मी. माझं तिथं काही काम नव्हतं, पण प्रती मी काढल्या होत्या, त्या मीच वाटणार म्हणून अडून बसलो. लांबलचक टेबल, भोवती संचालक, मधे अध्यक्ष. भाच्याचे मामा खिडकीशी.

"या सर, बसा," अध्यक्ष म्हणाले. "रेघेचं भांडण घेऊन आलाय म्हणं."

"भांडण रेघेचं नाही. अर्थाचं आहे."

"अर्थ काय त्यात? आमची जाहिरात, आमचा अर्थ," मामा म्हणाले.

सर उभे राहिले. छापील मराठीत सुरुवात केली. "माझ्या इन्स्टिट्यूटमधल्या अकरा मशीनांवरून मी हे चिन्ह घासून काढलं आहे. या रेघेचा माझ्याएवढा वैरी या जिल्ह्यात नसेल. वैरी आहे, म्हणूनच तिला मी पुरती ओळखतो. तिचे अर्थ तीन. एक, नुसतं इंग्रजी असलं तरी चालेल. दोन, नुसतं मराठी असलं तरी चालेल. तीन, दोन्ही असली तरी चालेल. इंग्रजी येणारा पात्र, मराठी येणारी पात्र, दोन्ही येणारा पात्र. या तिन्हींत दोन्ही पाहिजेतच, असं कुठंही बसत नाही. तसं पाहिजे होतं तर नुसतं अँड लिहायचं होतं, रेघेची गरजच नव्हती." इथं आवाज चढला. "चौथा अर्थ न्हाय! भाच्याला ऑर आणि कबनूरच्या पोरीला अँड, हा अर्थ जगातल्या कुठल्या डिक्शनरीत असंल तर दाखवा, मी माझी अकराच्या अकरा मशीनं रंकाळ्यात नेऊन टाकतो!"

मामा खिडकीबाहेर बघू लागले. अध्यक्ष मिस्किल होते, त्यांनी नेमकी नस पकडली. "म्हणजे सर, तुम्हीच म्हणताय, आमच्या जाहिरातीतला शब्द बरोबर हाय? चालतो?"

आता बघा. एका बाजूला शाहीन, ओढणीचं टोक दातात. दुसऱ्या बाजूला घासलेली अकरा मशीनं, परत पाठवलेले मसुदे, कापलेले मार्क, गारगोटी आणि कागल. शब्द चुकीचा म्हटलं तर जाहिरात रद्द, जागा रद्द, दिवाळीनंतर मागवाला. 

"बरोबर आहे," सर म्हणाले. "चालतो."

दाढ उपटताना माणूस जसा आवाज काढतो तसे ते दोन शब्द निघाले.

शाहीनला टायपिंगच्या चाचणीला बोलावलं. इंग्रजी आणि मराठी, दोन्ही घेतली. तिनं दोन्हींत भाच्याला मागे टाकलं आणि तिची नेमणूक झाली. भाचाही पुढे कुठंतरी लागला. भाच्यांचं कुठं अडत नाही.

इन्स्टिट्यूटमध्ये शाहीननं पेढे आणले तेव्हा सर चिडलेलेच होते. एक पोरगं म्हणालं, "सर, आता रेघ परत बसवायची काय?" सर म्हणाले, "तिनं एक काम बरं केलं, म्हणून तिला घरात घेऊ?" अक्कांशी त्यांचा पंधरा दिवस अबोला होता. तोही नीट जमला नाही. मधे एकदा खालून मला ऐकू आलं, "तुझ्याशी बोलत न्हाय. ताक दे."

दोन हजारनंतर कॉम्प्युटर आले. सरांनी दोन कॉम्प्युटर घेतले, आणि एकानं त्यांना इंटरनेटचा पत्ता दाखवला. त्यात दोन तिरक्या रेघा शेजारी-शेजारी. "एक कमी पडत होती काय!" असं ओरडलेलं सातव्या गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. आणि कीबोर्डावर उलट्या दिशेला झुकलेली आणखी एक रेघ सापडली तेव्हा म्हणाले, "ही उलट्या पायाची. हडळ." मशीनं एकेक करून गेली. माझ्या छताचा आवाज थांबला. आता झेरॉक्स स्पष्ट निघते. कुणाला त्याचं कौतुक नाही, मलाही नाही.

सर त्यानंतरही पुष्कळ वेळा दिसले, पण डोळ्यांपुढे राहिले ते एका सकाळचे. अक्कांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, आमच्याच राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात. मी थर्मास घेऊन गेलो होतो, शाहीन ऑफिसला जाता जाता डबा घेऊन आली होती. सर काउंटरपाशी उभे. हातात संमतीचा फॉर्म. मान खाली, कपाळावरचे पट्टे आकसलेले. मी ओळखलं. खांद्यावरून वाचलं: 'रुग्ण आणि/किंवा नातेवाईक यांची सही.'

"सर, कुणी पण एकानं केली तरी चालतीय," नर्सबाई म्हणाल्या.

"चालतीय म्हंजे?"

आतून हिरव्या झग्यातल्या अक्का ओरडल्या, "री! डोळा माझा हाय, रेघ नंतर घासा!"

शाहीन सरांच्या जवळ गेली. तिची सवय अजून गेली नव्हती, सगळ्या दवाखान्यानं ऐकलं. "सर, अर्थ तीन हायत. तुम्हीच सांगितलासा. एकानं केली तर चालतंय, दुसऱ्यानं केली तर चालतंय."

"आणि?" सर म्हणाले.

"आणि तिसरा अर्थ."

सरांनी खिशातून पेन काढलं. छापील कागदाला पेन. मला वाटलं, रेघ खोडणार. त्यांनी रेघेला हात लावला नाही. खाली सही केली, इंग्रजीत, टाइप केल्यासारखी सरळ. मग फॉर्म आणि पेन घेऊन आत गेले आणि अक्कांचं बोट धरून बरोबर जागेवर टेकवलं. अक्कांनी कन्नडमध्ये सही केली, जरा वाकडी.

नर्सबाईंनी झेरॉक्स मागितली, म्हणून तो फॉर्म मी दुकानात आणला. कागदावर सहीला जागा एकीचीच ठेवलेली होती. त्यामुळे दोन्ही सह्या एकमेकींना खेटून, एकीच्या शेपटीवर दुसरी, अशा बसल्या होत्या. मी काचेवर कागद ठेवला, झाकण लावलं. छत गप्प होतं, काच हलली नाही. तरी एक प्रत जास्तीची काढून ठेवली.